मियाटाला टर्बो बसवला तर वळणावर काय फरक पडेल?

घाटवेडा:
कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो. १९९० ची माझदा मियाटा (छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स कार) आहे, १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर. हायवे ९ च्या वळणांवर मस्त पळते, पण चढ आला की धापा टाकते. टर्बो लावून २०० पर्यंत न्यावी म्हणतोय. हँडलिंग बिघडेल का? टायर कंपनीच्याच मापाचे, १८५/६०, १४ इंची.

पाना_नंबर_दहा:
वळणाच्या मध्यावर फारसं काही बदलणार नाही. तिथे टायर बोलतात, इंजिन नाही. भानगड आहे बाहेर पडताना. मागचे टायर गाडीला वळणात धरूनही ठेवतात आणि पुढेही ढकलतात. एका कामाला पकड जास्त दिली की दुसऱ्याला कमी उरते. ११६ मध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर पाय थोडा जास्त पडला तरी गाडी सांभाळून घेते. २०० मध्ये नाही घेणार.

त्यात टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेली जादा हवा, उशिरा येतं. वळणात पाय दिला, काही झालं नाही, म्हणून आणखी दिला; मग सगळं एकदम येतं, आणि नेमकं स्टिअरिंग अजून वळलेलं असताना.

ब्रेकचंही बघा. पुढच्या वळणाला ताशी १०० ऐवजी १२० ने पोचलात, तर जिरवायची ऊर्जा ४४ टक्के जास्त. मी असतो तर आधी टायर, मग पॅड आणि ब्रेक फ्लुइड, टर्बो शेवटी. एवढं केल्यावर बऱ्याच जणांची टर्बोची हौसच फिटते, हा भाग वेगळा.

बॉक्सर_सहा:
१९७५ चा पोर्श ९११ टर्बो आठवा. २६० हॉर्सपॉवर, इंजिन मागच्या आक्सलच्याही मागे. बूस्ट आलं म्हणून वळणात दचकून पाय काढला की मागची बाजू घसरून शेपूट बाहेर!

पाना_नंबर_दहा:
मियाटाचं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं, त्यामुळे ती इतकी खुनशी नाही. पण वळणात दचकून पाय काढायचा नाही, हे तिलाही लागू. घाटवेडा, डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) ओपन, म्हणजे साधा, आहे की एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा)?

घाटवेडा:
ओपन.

पाना_नंबर_दहा:
मग वळणातून निघताना आतलं चाक जागच्या जागी फिरेल आणि ताकद तिथेच वाया जाईल. १.६ चं डिफ तसंही नाजूक. १९९४ पासूनच्या १.८ लिटर मियाटाचं टॉर्सन (एलएसडीचाच एक प्रकार) मिळालं तर उचला, हाफशाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) यांसकट. आणि किट कॅलिफोर्नियाच्या एअर बोर्डाने (हवा प्रदूषण बघणारं सरकारी मंडळ) मंजूर केलेलंच घ्या, नाहीतर स्मॉग टेस्टला, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीला, अडकाल.