घरच्या राउटरवर मुक्तस्रोत प्रणाली चालवायची, तर यंत्र कोणते घ्यावे?

सदाशिवपेठी : ज्यांना घरच्या नेटवर्कवर स्वतःचा ताबा हवा आहे, त्यांनी दुकानातल्या प्लास्टिकच्या राउटरवर पैसे घालवू नयेत. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढावा, त्यात दोन पोर्टचे नेटवर्क कार्ड बसवावे आणि ओपीएनसेन्स ही मुक्तस्रोत राउटर-प्रणाली चढवावी. खर्च जवळजवळ शून्य.

कोथरूडकर : ‘खर्च शून्य’ हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. असा डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी 50 वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे वर्षाला 438 युनिट आणि महिन्याला सुमारे 36. ज्यांचा वापर एरवी 100 युनिटांच्या आत राहतो, त्यांना यामुळे पुढच्या टप्प्याचा चढा दर लागू शकतो. शिवाय ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडी कार्यप्रणालीवर बेतलेली आहे, तिच्यातला वायफायचा आधार कमकुवत असल्यामुळे वायफायसाठी वेगळा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, घ्यावा लागतो, तो खर्च आपण धरलेलाच नाही. आणि पंख्याचे काय? फायबरची तार बहुतेक घरांत हॉलमध्ये येते आणि दोन खोल्यांच्या घरात त्याच हॉलमध्ये रात्री कोणीतरी झोपलेले असते.

सात-आठ वॅटचा, बिनपंख्याचा, मीडियाटेक चिपचा राउटर घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही छोट्या राउटरांसाठीची मुक्तस्रोत प्रणाली घालावी. ब्रॉडकॉमच्या वायफायपासून दूर राहावे, कारण त्याचे मुक्त ड्रायव्हर अपुरे आहेत. 8 एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि 64 एमबी रॅमवर आज भागत नाही. 16 आणि 128 च्या खाली जाऊच नये. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदी करताना खोक्यावरच्या नावावर विसंबू नये, राउटर उलटा करून लेबलावर बारीक अक्षरांत छापलेला ‘व्ही’पुढचा आवृत्तीचा आकडा वाचावा. नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात.

सदाशिवपेठी : विजेचा मुद्दा मान्य करावा लागतो, नाइलाजाने. पण सुरिकाटासारखी घुसखोरी पकडणारी व्यवस्था 128 एमबीत कशी चालवणार, हे आपण सोयीस्करपणे टाळले आहे.

औंधवासी : आपण दोघेही मूळ दुखण्याला हात घालत नाही. राउटर कोणताही आणा, सेवादात्याने भिंतीवर ठोकलेला डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटर न होता जोडणी नुसती पुढे देण्याच्या स्थितीत, गेला नाही, तर सगळे व्यर्थ आहे. माझ्याकडच्या डब्याच्या पानावर तो पर्याय दिसतो, पण करड्या रंगात, दाबता न येणारा. तक्रार केली की माणूस येतो, डबा बंद करून चालू करतो आणि ‘धोरणात बसत नाही’ असे सांगून निघून जातो. परिणामी दुहेरी नॅट होते, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते आधी आपला राउटर आणि मग तो डबा असे दोनदा बदलले जातात, आणि वर कंपनीकडचे सामायिक नॅट (अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता) असल्यामुळे बाहेरून घरचा व्हीपीएन लागत नाही. दरमहा पैसे भरणाऱ्या ग्राहकाला स्वतःच्या घरात ही वागणूक का मिळावी?

कोथरूडकर : संताप रास्त आहे, पण ‘सगळे व्यर्थ’ हे मला अजिबात मान्य नाही. दुहेरी नॅट असले तरी घरातला डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), जाहिरातींची गाळणी, पाहुण्यांचे वेगळे वायफाय, सगळे आपल्याच हातात राहते. चर्चेचा प्रश्न यंत्राचा आहे. तो कृपया नीट वाचावा.

औंधवासी : प्रश्न नीट वाचूनच लिहिले आहे, हा उपदेश नको. बाहेरून घरी जोडता येणे हाच ज्याचा हेतू आहे, त्याला आपली गाळणी काय कामाची?

हडपसरची : आमच्या स्थानिक केबलवाल्याने पीपीपीओईचे (जोडणीत लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक मागताच दिला आणि ब्रिजही करून दिला. जोडणी घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे, पैसे भरल्यानंतर कोणी दाद देत नाही. आमच्या भागात वीज वरचेवर जाते, त्यामुळे 12 व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला थेट जोडता येतो हे मला सुरिकाटापेक्षा मोलाचे वाटते. डेस्कटॉपला तो कसा पुरणार?

सदाशिवपेठी : डेस्कटॉपला पुरणार नाही. मग निदान इंटेलच्या एन100 या कमी वीज खाणाऱ्या चिपची बिनपंख्याची छोटी पेटी तरी विचारात घ्या. राउटरपेक्षा महाग पडते, पण सुरिकाटा आरामात चालते. 128 एमबीचा राउटर मी तरी घेणार नाही.

कोथरूडकर : ज्याला सुरिकाटा खरोखर हवी आहे, त्याने एन100 घ्यावा, हरकत नाही. मात्र ‘खर्च शून्य’ हे वाक्य आपण मागे घ्यावे.