सायकियाट्रिक वॉर्डमधल्या नर्सची तक्रार थेट नर्सिंग कौन्सिलकडे करावी का? घरात दोन तट पडलेत

धाकटी_बहीण
दादाला बायपोलर आहे (मूड टोकाला जाण्याचा मानसिक आजार), बारा वर्षं झाली. फेब्रुवारीत मॅनिया, म्हणजे अति उत्तेजनेचा झटका, चढला, तीन रात्री झोप नाही, शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या एका खाजगी मानसोपचार हॉस्पिटलात ऍडमिट केलं. नाव लिहीत नाही. चौथ्या दिवशी भेटायला सोडलं तेव्हा दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ. तो म्हणाला रात्री दहाला सिस्टरने पलंगाला बांधायला लावलं ते सकाळच्या चहापर्यंत, पाणी मागितलं तर दिलं नाही, अंथरुणात लघवी झाली तेव्हा ती म्हणाली, आता तरी शहाणा होशील. इनचार्जला विचारलं तर, "ताई, पेशंट असं बोलतातच."
मला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार टाकायचीय. आई म्हणते गप्प बस, उद्या परत त्याच दारात जावं लागणारे, जिल्ह्यात दुसरं आहे कुठे. काय करू? सल्ला द्या, शिव्या नकोत.

निवृत्त_सिस्टर
बाळा, वाईट वाटलं वाचून. पण मी सरकारी नोकरीत 31 वर्षं काढलीत, त्यातली पाच सायकियाट्री वॉर्डात, म्हणून दुसरी बाजू सांगते. नाईटला एक सिस्टर, दोन वॉर्ड, मदतीला एक मामा, म्हणजे वॉर्डातला मदतनीस, तोही अर्धा वेळ गेटवर. मॅनियातला सहा फुटी माणूस शेजारच्या म्हाताऱ्या पेशंटवर धावला की तू काय करशील? माझं मनगट मोडलंय असं, अजून थंडीत दुखतं. ऑर्डर डॉक्टरची, फोनवरून दिलेली, सही सकाळी. बांधणारा मामा. आणि तक्रारीत नाव कुणाचं, तर सिस्टरचं! कारण पेशंटला तेवढाच चेहरा दिसतो. कौन्सिलकडे गेलीस तर एका पोरीचं लायसन्स अडकेल आणि ज्या मालकाने नाईटला एकटीला ठेवलं तो मजेत दुसरी पोरगी कमी पगारात आणेल.

कायद्याचा_किडा
सिस्टर, मान ठेवून बोलतो, पण स्टाफ कमी होता हे कारण कायद्यानेच बाद केलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97. बांधायचं फक्त तेव्हाच जेव्हा लगेच होणारी इजा थांबवायला दुसरा कुठलाच उपाय नाही, आणि त्याला उपचार करणाऱ्या सायकियाट्रिस्टची परवानगी हवी. जरुरीपेक्षा एक मिनिट जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि नुसतं माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. कशाने बांधलं, का, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर लिहायचं आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात असणाऱ्या माणसाला, 24 तासांत कळवायचं. ताई, तुम्हाला कुणी कळवलं का? चौथ्या दिवशी वळ बघून कळलं म्हणजे तिथेच कलम मोडलं.
पण कौन्सिल हा पहिला दरवाजा नाही असं माझं मत. कलम 28 बघा, आधी हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरकडे लेखी, समाधान नाही झालं तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाचा माणूस अध्यक्ष असतो, ते आख्ख्या हॉस्पिटलला जाब विचारू शकतात. कौन्सिल फक्त नर्सला.

गावठी_शंका
सगळे कलमं सांगताय पण ती खरंच नर्स आहे का हे कोणी विचारलं का?? आमच्याकडे खाजगीत अर्ध्या "सिस्टर" म्हणजे बारावी झालेल्या पोरी, सहा महिन्याचा कुठलातरी कोर्स आणि पांढरा ड्रेस. कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव असेल तरच कौन्सिल काही करणार ना, ताकीद असो की नाव काढणं असो. नाव नसेल तर पत्र येईल की ही आमच्याकडे नोंदलेलीच नाही, बसा. मामा, मावशी, वॉर्डबॉय यांना तर कुठलंच कौन्सिल नाही. आधी पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर काढा मग भांडा.

कायद्याचा_किडा
बरोबर. आणि नोंदणी नसलीच तर तो वेगळा आणि मोठा मुद्दा आहे, 2017 च्या कायद्यात मेंटल हेल्थ नर्स कोण याची व्याख्या आहे, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंद पाहिजेच. मग नर्स राहिली बाजूला, हॉस्पिटलच अडकतं.

सोलापूरचा_संशयी
थोडं कडू बोलतो. पेशंट मॅनियात होता, तीन दिवस झोप नव्हती, वर इंजेक्शन. सेरेनेस फेनर्गन (शांत करणारी, गुंगी आणणारी औषधं) घेतलेल्या माणसाला दहा वाजले की बारा हे कसं आठवणार? माझ्या काकांना कायम वाटायचं की नर्स जेवणात विष घालते. अशा साक्षीवर कुणाची नोकरी घालवायची हे पटत नाही.

दोन_वेळा_ऍडमिट
सोलापूरकर, मी दोनदा आत राहून आलोय. ऍडमिट असताना मलाही वाटत होतं की टीव्ही माझ्याशी बोलतो, ते खोटं होतं हे मला आज कळतं. पट्टा खोटा नव्हता हेही आज कळतं. दोन्ही आठवणी वेगळ्या कप्प्यात आहेत, तुमच्या काकांचं मला माहीत नाही. आणि मनगटावरचे वळ काय भ्रमातून उठतात का? बांधलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय होतं माहितीये, नाक खाजतं. हसू नका. रात्रभर नाक खाजतं आणि कुणाला हाक मारावी तर हाक मारणं हेच आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं जातं.
तमिळनाडूत एरवाडीला 2001 च्या ऑगस्टमध्ये 28 माणसं जळून मेली, साखळ्यांनी बांधलेली होती म्हणून पळता आलं नाही. तीही ओरडली असतीलच की.
बहिणाबाई, एक विचारू? दादाला विचारलंत का तक्रार करायचीय का?

धाकटी_बहीण
नाही विचारलं. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही.

निवृत्त_सिस्टर
एरवाडी कुठे आणि हे कुठे. ते दर्ग्याजवळचं मनोरुग्णांना ठेवायचं खाजगी घर होतं, तिथे नर्सही नव्हती आणि डॉक्टरही नव्हता. भाऊ तुमचा त्रास खोटा म्हणत नाही मी. पण वॉर्डात बांधायची एक रीत असते, पट्टा मऊ हवा, आत दोन बोटं गेली पाहिजेत, दर पंधरा मिनिटांनी हात गार पडलाय का बघायचं, पाणी द्यायचं, भांडं द्यायचं, एकेक हात आळीपाळीने सोडायचा. हे केलं असेल तर ती सिस्टर निर्दोष आहे असंच मी म्हणेन. नसेल केलं तर...

कायद्याचा_किडा
तर काय सिस्टर, वाक्य पुरं करा.

निवृत्त_सिस्टर
तर मी तिची बाजू घेणार नाही. आणि "आता तरी शहाणा होशील" हे ती खरंच बोलली असेल तर तिथे स्टाफ कमी असल्याचा काही संबंध नाही. तोंड तर एकटीचंच असतं ना.

लीड्सवाली_सांगलीकर
मी इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ वॉर्डात नर्स आहे. इकडे नर्सिंगचं नियामक मंडळ एनएमसी, कुणीही माणूस नर्सविरुद्ध तक्रार करू शकतो, शिक्षा म्हणजे कॉशनपासून अटी घालणं, वर्षापर्यंत सस्पेन्शन आणि शेवटी नाव काढून टाकणं, आणि निकाल नावानिशी प्रसिद्ध होतो. ऐकायला मस्त. पण आत काय होतं सांगू, सगळे घाबरून लिहीत बसतात, पेशंटशी बोलायचं सोडून कॉम्प्युटरवर टिक मारतात. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यूमधला छळ 2011 ला बाहेर काढला तो कुठल्या मंडळाने नाही, टीव्हीवाल्यांच्या छुप्या कॅमेऱ्याने. त्या आधी तिथल्याच एका नर्सने नियामकाला कळवलेलं, कुणी लक्ष दिलं नव्हतं. म्हणून कौन्सिलवर फार आशा ठेवू नका. तरी टाका तक्रार. कागद राहतो, त्याच बाईवर दुसरी तक्रार आली की पहिली उपयोगी पडते.

गावठी_शंका
म्हणजे तिकडे पण आपल्यासारखंच 😀 फक्त टिक मारायला कॉम्प्युटर आहे

कायद्याचा_किडा
माझं मत थोडं बदलतंय. दोन अर्ज करा. बांधलं, कळवलं नाही, नाईटला माणसं नव्हती, हे मंडळाकडे, हॉस्पिटलविरुद्ध. पाणी दिलं नाही, तपासलं नाही, नोंद केली नाही, टोमणा मारला, हे कौन्सिलकडे, कारण हे तिचं स्वतःचं काम होतं. आणि अर्जाआधी कलम 25 खाली केसपेपर मागा, नर्सेस नोट्ससकट.

सोलापूरचा_संशयी
दोन ठिकाणी अर्ज म्हणजे दोन्हीकडे "प्रकरण दुसरीकडे सुरू आहे" असं उत्तर. अनुभव आहे, जमिनीच्या केसमध्ये.

धाकटी_बहीण
अपडेट देते, उशीर झाला. अर्ज दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात कागद मिळाले, तेही तीन चकरा मारल्यावर. सिस्टरचं नाव मिळालं, कौन्सिलकडे नोंद आहे, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली. म्हणजे गावठी_शंका यांची शंका फुकट गेली, तरी थँक्स. त्या रात्रीच्या नर्सेस नोट्समध्ये बांधल्याचा एक शब्द नाही. डॉक्टरची ऑर्डर पण नाही. रात्री 10, 2 आणि 6 अशा तीन नोंदी, तिन्हीकडे "पेशंट स्लेप्ट वेल, नो फ्रेश कम्प्लेंट्स".

सोलापूरचा_संशयी
दहा वाजता "स्लेप्ट वेल"? झोपायच्या आधीच? बरं, माझे शब्द मागे घेतो. निम्मे.

निवृत्त_सिस्टर
ऑर्डर नाही म्हणजे डॉक्टर सुटला बघ. हेच म्हणत होते मी पहिल्यापासून. आणि खोटं कशाला बोलू, "स्लेप्ट वेल" आम्ही सगळ्यांनी लिहिलंय, पहाटे पाचला बसून सगळ्या वॉर्डाचं एकदम. पण बांधलेल्या माणसाच्या कागदावर नाही लिहिलं कधी. त्या तीन नोंदी नीट बघ, एकाच पेनने, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसतात का. दिसत असतील तर अर्जात तसं लिही. आणि ऑर्डर का नाही हा प्रश्न डॉक्टरलाही विचारायला लाव, नुसता तिला नको. माझं ऐकशील तर एवढंच ऐक.

दोन_वेळा_ऍडमिट
आणि दादा?

धाकटी_बहीण
दादाला विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला तिची नोकरी जाईल का. मी म्हटलं माहीत नाही. म्हणाला मग अर्ज मी लिहितो, तू लिहिलास तर फार रागावून लिहिशील. काल रात्री बसला होता, पान दीड पान झालंय. त्यात एक ओळ आहे की सकाळी चहा आणला तेव्हा पट्टे सोडताना तिचे हात थरथरत होते. आई म्हणते ती ओळ काढ, केस कच्ची होईल. दादा काढायला तयार नाही.