अनुभव धागा : सल्ला आणि भिंत

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीतील फराळाच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि पंधरा वर्षांत स्वतःचे घर केले. ही कृष्णवर्णीय माणसे इतक्या पिढ्या इथे आहेत, त्यांना कोणी अडवले?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मनात राहिला. आपल्या पहिल्या पिढीला दार उघडून देणारा अमेरिकेचा १९६५चा स्थलांतर कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या काळातच झाला आणि त्यातून प्रामुख्याने शिकलेली, कौशल्य असलेली माणसे निवडून आत घेतली गेली, एवढे तरी आपण ध्यानात ठेवायला हवे. 'स्वतःला सुधारा' हा सल्ला कुठवर पुरतो आणि पुढे नेमके काय आडवे येते, हे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांनी कृपया लिहावे. ऐकीव माहिती नको.

डेट्रॉइटहून, मोटार उद्योगातील अभियंता :

आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी मला एका रविवारी एट माइल रस्त्याजवळची भिंत दाखवायला नेले. साधारण सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब अशी ही काँक्रीटची भिंत काही घरांच्या परसामागून जाते आणि बागेला लागून असलेल्या भागावर आता रंगीत चित्रे काढलेली आहेत. ती १९४१ साली एका बिल्डरने बांधली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे संघराज्याचे गृहनिर्माण प्रशासन त्याच्या गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांच्या कर्जांना हमी देत नव्हते; भिंत उभी राहिली आणि हमी मिळाली. भिंतीच्या या बाजूला तीच हमी मिळत नव्हती. सहकाऱ्यांचे वडील जादा पाळ्या करत, दारूला शिवत नसत, पै पै साठवत. तरीही बँकेने त्यांना कर्ज दिले नाही, कारण अर्जदार कसा आहे याआधी तो कुठे राहतो हे पाहिले जाई आणि नकाशावर त्यांचा भाग कर्जासाठी धोक्याचा म्हणून लाल रंगवलेला होता. घरांच्या व्यवहारातील वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा १९६८ साली आला, तोवर भिंतीपलीकडच्या कुटुंबांची कर्जे फिटत आली होती आणि घरे मुलांच्या नावावर होऊ लागली होती. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत संपत्तीच्या क्रमाने बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि तशाच मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर निघाली. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता, पण तो कसा तयार झाला हे त्या काँक्रीटवर हात ठेवल्यावर कळले.

फिलाडेल्फियाहून, गणिताची शिक्षिका :

माझे थोडक्यात आहे. इथे शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणजे वस्तीतील घरे स्वस्त असली की शाळाही गरीब राहते. माझ्या वर्गातील मुले जानेवारीत कोट घालून बीजगणित सोडवत, कारण हीटर दुरुस्त होत नसे. त्यांतली चौघे जण सुटीनंतरही थांबून गणिते मागत. राज्यातील न्यायालयाने २०२३ साली ही निधीव्यवस्था घटनाबाह्य ठरवली, पण माझी ती मुले त्याआधीच शाळा सोडून गेली होती.

अलाबामातून, टस्कीगी येथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वाचक :

आत्मोन्नतीची थट्टा होऊ नये, म्हणून लिहितो. १८८१ साली कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या. तीन भट्ट्या फसल्या, तेव्हा संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चौथीसाठी आपले घड्याळ गहाण टाकले. आधी हुन्नर आणि सचोटी कमवा, हक्क मागून येतील, असे ते जाहीरपणे सांगत, आणि तरीही कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या अलाबामा राज्याच्या घटनेविरुद्धच्या खटल्यांना तेच गुपचूप पैसे पुरवत होते. पुढे काय झाले ते पाहा. प्राध्यापक आणि डॉक्टरांचे हे गाव मतदानात भारी ठरेल, या भीतीने राज्याने १९५७ साली गावाची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची केली आणि सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्वांची घरे गावाच्या हद्दीबाहेर टाकली. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली या हद्दीविरुद्धचा दावा उचलून धरला आणि पुढे ती रद्द झाली. सुधारणेत ही माणसे कुठेही कमी पडली नव्हती. ती पुढे आली म्हणूनच हद्द हलवली गेली.

नागपूरहून :

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आणि बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. त्यामुळे हा विषय आमच्या घरात परका नव्हता. पुण्यात भाड्याची खोली शोधताना माझी पदवी पाहून हसून बोलणारे मालक आडनाव ऐकताच 'नंतर कळवतो' म्हणाले, तेव्हा आजोबांचे शब्द आठवले : "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातला पहिलाच शब्द लोक आपल्याला पुन्हा पुन्हा ऐकवतात."

अटलांटाहून, लेखापाल :

माझ्या शेजारीण बाई कृष्णवर्णीय आहेत आणि रुग्णालयात परिचारिका आहेत. गृहकर्जाच्या फेररचनेसाठी त्यांच्या घराची जी किंमत ठरवली गेली, ती आमच्या त्याच मापाच्या घरापेक्षा बरीच कमी होती. त्यांनी दुसरे मूल्यांकन मागवले आणि आदल्या रात्री मला बोलावले. आम्ही दोघींनी भिंतीवरची सगळी कौटुंबिक छायाचित्रे उतरवली; जिथे चौकटी होत्या तिथे रंगाचे फिकट चौकोन उरले, त्यांवर मी आमच्याकडची निसर्गचित्रे टांगली. दुसऱ्या दिवशी मूल्यांकन करणाऱ्यासमोर मी घरमालकीण म्हणून उभी राहिले आणि त्या कामावर निघून गेल्या. नवी किंमत आमच्या घराच्या बरोबरीची आली. संध्याकाळी छायाचित्रे पुन्हा लावताना त्यांनी सर्वांत आधी मुलीचे डॉक्टरेटच्या झग्यातील छायाचित्र हातात घेतले, पदराने पुसावे तसे बाहीने पुसले आणि ते दारासमोरच्या खिळ्यावर टांगायला माझ्याकडे दिले.