ऑफिस हलवताना काय राहून गेलं? तुमचे अनुभव लिहा

आमच्या कंपनीने अंधेरी पूर्वेची जागा सोडून ऐरोलीला जायचं ठरवलंय. १४० माणसं, हातात साडेतीन महिने. साहेब मीटिंगमध्ये "हे तूच बघ" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीवर गेले. याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत: इंटिरिअरवाल्याची, पॅकर्सची, आयटीची. तिन्ही मोठ्याने वाचून झाल्यावर पॅन्ट्रीतल्या मावशींनी विचारलं, "मॅडम, तिकडं नळाला पाणी कधी येतं?" हे एकाही यादीत नव्हतं. तेव्हा 'काय करावं' ते नको, ते कुठेही मिळतं. तुमच्या हातून काय राहिलं ते लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

पुणे, ॲडमिन

आमची राहिली ती जुनी जागा! २०१८ साली शिवाजीनगरहून खराडीला गेलो, २२० खुर्च्या. सगळं लक्ष नव्या जागेच्या रंगात, कार्पेटमध्ये. जुन्या करारात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती, की जागा घेतली तशी परत करायची. घेतली तेव्हा ती बेअर शेल होती, म्हणजे नुसता स्लॅब आणि उघड्या भिंती. नऊ वर्षांत आम्ही केबिनी केल्या, फॉल्स सीलिंग केलं, पॅन्ट्री बांधली. आमचा समज असा, की एवढं तयार फर्निचर फुकट मिळतंय म्हटल्यावर मालक खूश होईल. त्याने पुढच्या भाडेकरूला बेअर शेलचाच शब्द देऊन ठेवला होता.

खालच्या मजल्यावर दवाखाना, त्यामुळे तोडकाम फक्त रात्री. राडारोडा उचलायला एकोणीस दिवस लागले आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचं भाडं दुप्पट. तेही करारात होतंच. डिपॉझिटमधून सगळं वळतं झालं. त्या दिवसापासून मी कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचतो. आणि ताबा घेताना जागेचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे एकही नव्हता, त्यामुळे एक भिंत आधीपासून होती की आम्ही बांधली यावरही तासभर वाद झाला.

सोळा जणांचं कॉन्फरन्स टेबल लिफ्टमध्ये जाईना, जिन्यातही वळेना. मग आत आलं कसं? जुन्या वॉचमनने सांगितलं, काच बसायच्या आधी क्रेनने आणलं होतं. शेवटी करवतीने त्याचे तीन तुकडे केले.

खराडीला रात्री साडेअकराला ट्रक लागला आणि पाच-सहा जण पुढे आले. "माल उतरवायचं काम आमचं." माथाडी मंडळाचं ओळखपत्र मागितलं, तर एकाकडेही नाही. खऱ्या माथाडींचं मंडळ असतं, १९६९चा कायदा आहे, मजुरी रीतसर मंडळात भरायची असते. ही मंडळी त्यातली नव्हती. पण त्या वेळी रस्त्यावर उभं राहून कायदा कोण सांगणार? पैसे दिले. ते व्हाउचर कुठल्या खात्याला टाकायचं यावर अकाउंट्सने पुढे आठवडाभर माझं डोकं खाल्लं. हा विषय मूव्हर्सच्या करारात आधीच त्यांच्या गळ्यात बांधा आणि नव्या बिल्डिंगच्या सिक्युरिटीला लेखी कळवून ठेवा.

ठाणे, अकाउंट्स आणि सेक्रेटरीअल

सामान एका रात्रीत हलतं, पत्ता हलायला महिने जातात. आधी स्वतःला विचारा, की जुना पत्ता कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस आहे की नुसतं कामाचं ठिकाण? रजिस्टर्ड असेल तर बदल झाल्यापासून ३० दिवसांत आयएनसी-२२, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी रजिस्ट्रारला पत्ताबदल कळवायचा फॉर्म, भरायचा. शहराच्या हद्दीतल्या हद्दीत असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, हद्दीबाहेर गेलात की भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तुम्ही अंधेरीहून ऐरोलीला म्हणजे मुंबईतून नवी मुंबईत जाताय, हे 'जवळच तर आहे' म्हणून सोडू नका. मागच्या कंपनीत आम्ही मुंबईहून पुण्याला गेलो होतो. राज्य तेच, पण रजिस्ट्रार ऑफ कंपनीज वेगळा. मग रीजनल डायरेक्टरची मंजुरी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांना पत्रं. माणसं बाणेरला बसून चार महिने झाले होते, कागदावर कंपनी अजून वरळीतच!

जीएसटीत मुख्य ठिकाण बदललं की १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज, आणि तो अधिकाऱ्याने मंजूर करावा लागतो. पुराव्याला जागेचा करार लागतो. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणीला उशीर झाला की मागचं सगळं अडतं. ट्रकच्या कागदांचंही विचारून घ्या. विक्री नाही, आपलंच सामान आहे म्हणून ई-वे बिल (माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, हा गैरसमज आहे.

आता राहिलं काय ते. पीएफ, प्रोफेशन टॅक्स, बँक, विमा, सगळीकडे पत्ता बदलला. प्राप्तिकराच्या पोर्टलवर मात्र जुनाच राहिला. एक नोटीस जुन्या बिल्डिंगमध्ये गेली. तिथल्या वॉचमनने सही करून घेतली आणि "देईन कधी आले की" म्हणून टेबलाच्या खणात ठेवली. मुदत संपल्यावर कळलं. त्याचं काय चुकलं? नऊ वर्षं तो आमची पत्रं अशीच घ्यायचा.

आणि हो, पाटी. दारावरचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान अक्षरात नको. आमच्या इंटिरिअरवाल्याने झकास इंग्रजी पाटी बसवली होती. तीन आठवड्यांत उतरवली.

हिंजवडी, आयटी

एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तुमची आयटीची माणसं करतीलच. आमचे दोन ग्राहक वित्तीय क्षेत्रातले. त्यांच्या सिस्टीममध्ये आम्हाला प्रवेश मिळायचा तो आमच्या ऑफिसच्या स्टॅटिक आयपीवरून, म्हणजे इंटरनेट लाइनच्या कायम न बदलणाऱ्या पत्त्यावरून. त्यांच्या फायरवॉलमध्ये तेवढेच पत्ते उघडे ठेवलेले. नव्या जागेत लाइन वेगळ्या कंपनीची, म्हणजे आयपी नवा. सोमवारी सकाळी नऊला सगळे दिवे हिरवे, इंटरनेट पळतंय, एसी गार, साहेब नारळ फोडतायत आणि ४० माणसं कामाशिवाय बसलेली. ग्राहकाकडे बदलाची विनंती टाकली, तर त्यांची बदल समिती गुरुवारी बसते असं उत्तर आलं. चार दिवस आम्ही जुन्या जागेत सहा लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसून काम केलं. जुनी लाइन अजून तोडली नव्हती, हे नशीब. मुद्दाम ठेवली नव्हती, अर्ज करायचा राहिला होता. एक विसरणं दुसऱ्याच्या कामी आलं.

तेव्हापासून मी जुनी लाइन महिनाभर चालू ठेवायला सांगतो. वित्त विभाग कुरकुरतो. कुरकुरू द्या.

आणि लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी घेतलेली इंटरनेट लाइन) 'फीजिबल', म्हणजे देता येण्याजोगी, आहे असं विक्रीवाला म्हणाला, तर बिल्डिंगच्या डक्टमध्ये फायबर डोळ्यांनी बघून या. रस्ता खोदायची परवानगी लागली तर तुमचे साडेतीन महिने त्यातच जातील. पावसाळ्यात तर विचारूच नका.

डोंबिवली, एचआर

आम्हीही अंधेरीहून ऐरोलीलाच आलो होतो, म्हणून खास लिहितेय. निर्णय झाल्यावर मी सगळ्यांचे पिनकोड काढून नकाशावर टाचण्या लावल्या. खरं तर हे निर्णयाच्या आधी करायला हवं होतं. डोंबिवली, कल्याण, ठाणे खूश. ठाण्याला गाडी बदलली की ट्रान्स-हार्बरने ऐरोली अगदी जवळ. बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या लोकांचे चेहरे मात्र बघवेनात. दादरला उतरा, पूल चढा, ठाण्याला पुन्हा उतरा. सहा महिन्यांत अकरा जण गेले, त्यात पेरोल सांभाळणारी एकटी बाईसुद्धा. तिची मुलगी तिसरीत होती, शाळेच्या व्हॅनची वेळ जुळेना. तिने हे मला आधी दोनदा सांगितलं होतं. मी "बघू" म्हटलं होतं.

बसची सोय करणार असाल तर तारखेसकट लेखी सांगा. "विचाराधीन आहे" वाचून कोणी थांबत नाही.

सांगली, पतसंस्था

आमचं हलणं हौसेचं नव्हतं. ऑगस्ट २०१९चा महापूर. पाणी वाढतंय म्हटल्यावर रात्री कंदील-बॅटऱ्यांच्या उजेडात आम्ही सात जणांनी खतावण्या माळ्यावर चढवल्या. पाणी माळ्यालाही लागलं. नंतर पंधरा दिवस कर्जाची कागदपत्रं गच्चीवर वाळत घातली होती, पानापानावर विटेचा तुकडा ठेवून.

मग संचालक मंडळाने पहिल्या मजल्यावरची जागा घ्यायची ठरवली. उपनिबंधकांना कळवणं, सभेत ठराव, ते सगळं झालं. आमची खरी काळजी सोनेतारणाची. लोकांचे दागिने आहेत ते. प्रत्येक पुडीवर कर्ज क्रमांक, लाखेचं सील. जुन्या जागेत सराफाने वजन करून यादी केली, नव्या जागेत तीच यादी पुन्हा तपासली, दोन्हीकडे संचालकांच्या सह्या. विम्याच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं, की पॉलिसी तिजोरीत असलेल्या सोन्याची आहे, रस्त्यावरच्या नाही. अर्ध्या किलोमीटरसाठी वेगळा विमा काढला. मॅनेजर म्हणाले, जीपमध्ये बसल्यावर बायकोला फोन केला, दुसरं काही सुचलं नाही.

राहिलं काय, तर तिजोरीचं वजन. दीड टन. वरच्या स्लॅबला ते पेलणार का, हे ट्रॉली दाराशी आल्यावर एका हमालानं विचारलं, बरं का, इंजिनिअरनं नाही! मग धावाधाव. इंजिनिअरने मधोमध ठेवू नका, बीमवर खांबालगत ठेवा म्हणून खडूने चौकोन आखून दिला. मॅनेजरची केबिन तिथं होणार होती, ती सरकली.

पत्ता बदलल्याची जाहिरात पेपरात दिली होती. पण खरं काम केलं पिग्मी एजंटांनी. रोज दुकानोदुकानी जाणारी माणसं, तोंडीच सांगत सुटली. तरी म्हातारे सभासद जुन्याच दारात यायचे. आमचा शिपाई दोन महिने तिथं खुर्ची टाकून बसला होता.

२०२१च्या जुलैत रस्त्यावर पुन्हा पाणी आलं. ते आम्ही खिडकीतून बघितलं.

गिरगाव, आता निवृत्त

मी ऑपेरा हाउसला हिऱ्यांच्या एका छोट्या पेढीत सॉर्टिंगला होतो. २०१०ला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) भारत डायमंड बोर्स, म्हणजे हिऱ्यांचा बाजार, सुरू झाला. मालकाने तिथे गाळा घेतला होता, पण जायला तयार नाही. का? गिऱ्हाईक इथे, दलाल इथे, आंगडिया, म्हणजे माल-पैसे हातोहात पोचवणारा, तोही इथे. ते म्हणणार व्यापारी गेले की आम्ही येतो, व्यापारी म्हणणार दलाल आले की आम्ही. एका पेढीने एकटीने जाऊन भागत नाही, अख्खा बाजार उठावा लागतो. तो उठवला १३ जुलै २०११च्या ऑपेरा हाउसच्या बॉम्बस्फोटाने. त्यानंतर वादच राहिला नाही.

सुरतेला डिसेंबर २०२३मध्ये नवा बोर्स झाला, तेव्हा ओळखीच्यांकडून पुन्हा तेच ऐकलं: आधी कोण जाणार?

आमचं काय राहिलं म्हणाल, तर उजेड. हिऱ्याचा रंग उत्तरेच्या उजेडात बघतात, ऊन सरळ आलं की नजर फसते. जुन्या जागेत माझं टेबल वर्षानुवर्षं उत्तरेच्या खिडकीशी. नव्या गाळ्याची खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर पडदा ओढून दिव्याखाली काम. दिवे उत्तम होते, मशीनही होतं. पण मालक स्वतः महत्त्वाची पुडी सकाळीच बघायचे. जागा घेताना दर बघितला, मजला बघितला, वास्तुवाल्याने दारसुद्धा बघितलं. खिडकी कुणी बघितली नाही.

म्युनिक

इथे दोन गोष्टी आधी. कामगार प्रतिनिधींच्या मंडळाला विश्वासात घ्यायचं. ते बसायच्या जागेपासून आवाजापर्यंत सगळ्यावर प्रश्न विचारतात, आणि बरेचदा प्रश्न योग्य असतात. दुसरं, ट्रक उभा करायला पालिकेची परवानगी घेऊन रस्त्यावर काही दिवस आधी 'पार्किंग बंद'च्या पाट्या लावायच्या. आमच्या मूव्हर्सनी पाट्या लावल्या, पण शेजारच्या रस्त्यावर.

नाशिक, आठ माणसांचं सीए ऑफिस

पितृपक्षात हलवा. गंमत नाही करत. त्या पंधरवड्यात कोणी घर हलवत नाही, त्यामुळे टेम्पो, सुतार, रंगारी सगळे मोकळे आणि दरही ऐकतात. दसऱ्याला फक्त पूजा करायची. आमच्या सरांच्या आईंना मात्र आम्ही अजून खरी तारीख सांगितलेली नाही.

फोर्ट, शिपाई ते ॲडमिन सुपरवायझर, २२ वर्षं

किल्ल्या. आमच्याकडे ६३ कपाटं होती आणि एका डब्यात शंभरेक किल्ल्या, कशावरही नंबर नाही. कुठली कशाची ते फक्त सावंतमामांना हाताला कळायचं. मामा मूव्हिंगच्या आधीच्या महिन्यात रिटायर झाले. नव्या जागेत सतरा कपाटं फोडली. तुमच्याकडेही असे एक मामा असतील, त्यांना आत्ता चहा पाजा आणि चिठ्ठ्या लावून घ्या.

चहावरून आठवलं. खालच्या चहावाल्याचं महिन्याचं खातं होतं. सगळ्या व्हेंडरांचे हिशेब झाले, तो कुठल्या यादीतच नव्हता. आठवड्याने त्याचा फोन आला. पैसे मागायला नाही, दहाचा चहा पाठवू का विचारायला. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

पुन्हा मी, ऐरोलीवाली

कालच्या दिवसात इतकं झालं: जुन्या कराराचं शेवटचं पान वाचलं ('मूळ स्थितीत परत' आहेच), आयटीला स्टॅटिक आयपीचं विचारलं (चेहरा पांढरा पडला) आणि पिनकोड मागवले. बोरिवली ते विरार ३१ जण आहेत. साहेबांना मेल केलाय, अजून सुट्टीवरच आहेत. पाण्याचं विचारलं. टाकी बिल्डिंगची आहे, पण पॅन्ट्रीतल्या नळाला पिण्याचं पाणी नाही, जार मागवावे लागतील. मावशी म्हणाल्या, "मग जार उचलणार कोण?"

ऐरोलीत माल उतरवण्याचा अनुभव कुणाला असेल तर लिहा. आणि अकरा फुटी टेबल लिफ्टमध्ये तिरकं जातं का?