मदत हवी आहे: नवं फायबर फोनवर चालतंय, डेस्कटॉपवर नाही

कोयनाकाठ

लोकल केबलवाल्याचं नेट बंद करून फायबर घेतलं आहे. हॉलमध्ये कंपनीचा एकच डबा बसवलाय, मोडेम आणि वायफाय राउटर एकत्र. पॉनचा दिवा (फायबर जोडलेलं आहे हे सांगणारा) स्थिर हिरवा आहे, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा बंद. दोन्ही फोन आणि टीव्ही वायफायवर नीट चालतात.

अडचण फक्त आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपची. त्याला वायफाय नाही. भिंतीतून गेलेली जुनी लॅन केबल आहे, अंदाजे १८ मीटर. आधी हॉलमध्ये ५ पोर्टचा छोटा स्विच होता, त्यातून एक तार वायफाय राउटरला आणि एक या डेस्कटॉपला. आता स्विच काढला आणि ती केबल थेट नव्या डब्याच्या लॅन १ मध्ये लावली. विंडोज १० आहे. टास्कबारवर कधी 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क', कधी लाल फुली.

आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये हे आकडे भरलेले दिसतात: आयपी १०.१२.४०.५७, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १०.१२.४०.१, डीएनएस १०.१२.०.२. डेस्कटॉपवर जुन्या कनेक्शनचा डायलरही आहे, तो चालवला की एरर ६५१ येते.

कस्टमर केअरचं म्हणणं, लाइन ठीक आहे, विंडोज नव्याने टाका. खरंच गरज आहे का?

निळाकेशरी

अजिबात नाही. फोन चालतायत म्हणजे फायबर, डबा आणि खातं तिन्ही ठीक आहेत. दोष डब्याच्या लॅन पोर्टपासून डेस्कटॉपपर्यंतच्या टप्प्यात आहे आणि त्यातला एक तुम्हीच वर लिहिलाय.

ते १०.१२ ने सुरू होणारे आकडे जुन्या केबलवाल्याच्या जाळ्यातले आहेत. बरेच लोकल ऑपरेटर प्रत्येक घराला ठरलेला आयपी, म्हणजे जाळ्यातला पत्ता, हाताने भरून देतात. नवा डबा स्वतःला बहुधा १९२.१६८.१.१ म्हणवतो (नक्की आकडा त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो) आणि जो मागेल त्याला १९२.१६८.१ च्या रांगेतला आयपी देतो. फोन मागतात, त्यांना मिळतो. तुमचा डेस्कटॉप मागतच नाही, तो अजून १०.१२.४०.१ या गेटवेला (बाहेर जायच्या दाराला) शोधतोय आणि तो गेटवे आता तुमच्या घरात नाही.

विंडोज आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत एनसीपीए.सीपीएल टाइप करून एंटर. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वर डबल क्लिक. 'ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा, खालचा डीएनएसचा पर्यायही ऑटोमॅटिक करा. आधीचे आकडे कागदावर लिहून ठेवा. ओके, ओके, मग केबल काढून परत लावा.

डायलर वापरू नका. तो पीपीपीओई जोडणीचा आहे, म्हणजे संगणक स्वतः युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करायचा. तुमच्या नव्या जोडणीत ते काम डबा करतो. डायलरला पलीकडे उत्तर देणारं कुणी सापडत नाही, म्हणून ६५१. त्याच खिडकीतून तो डिलीट केला तरी चालेल.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल चालवा आणि इथरनेटखाली काय दिसतं ते लिहा. १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी म्हणजे गाडी रुळावर. १६९.२५४ ने सुरू झाला तर डेस्कटॉपने आयपी मागितला पण उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. 'मीडिया डिसकनेक्टेड' असेल तर गोष्ट तारेची आहे, सेटिंगची नाही.

खिडकीदार

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, सगळ्यात खाली 'नेटवर्क रीसेट'. एका क्लिकमध्ये हे सगळं साफ होईल.

निळाकेशरी

होईल, पण साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्याही जातील, संगणक रीस्टार्ट होईल आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही. दोष तारेत असेल तर रीसेट करूनही हाती काही लागणार नाही. तो शेवटी ठेवू.

कोयनाकाठ

आयपी ऑटोमॅटिक केला. केबल लावली की 'आयडेंटिफाइंग' येतं, पाच-सात सेकंदांत लाल फुली, परत आयडेंटिफाइंग. एकदा १६९.२५४ दिसला, पुढच्या वेळी 'मीडिया डिसकनेक्टेड'. डब्यावरचा लॅन १ चा दिवाही लागतो-विझतो. लॅन २ मध्येही तेच. पण जुन्या स्विचवर हीच केबल इतकी वर्षं चालत होती, मग केबल खराब कशी?

आठतारी

केबल खराब झालेली नसेल, मुळात अर्धीच जोडलेली असेल. दोन्ही टोकांचे पारदर्शक प्लग उजेडात धरा आणि आतल्या रंगीत तारा मोजा. आठ हव्यात. चारच असतील तर कारण सापडलं.

१०० एमबीपीएसला फक्त चार तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. पूर्वी चारच तारा जोडायची पद्धत सर्रास होती. उरलेल्या चार तारांवर दुसरं कनेक्शन किंवा इंटरकॉम चालवायचे. तुमचा जुना स्विच १०० चा असणार, त्याने गिगाबिट कधी मागितलंच नाही, म्हणून चार तारांवर भागलं. नव्या डब्याचे लॅन पोर्ट गिगाबिट आणि डेस्कटॉपचं नेटवर्क कार्डही गिगाबिट. दोघं आपसात वेग ठरवतात, ती बोलणी पिन १-२ आणि ३-६ वरच होतात, त्यामुळे 'आपण १००० वर जाऊ' असं बिनतक्रार ठरतं. मग उरलेल्या दोन जोड्या हव्या असतात तेव्हा तिथे काहीच नसतं. जोडणी पडते, बोलणी पुन्हा सुरू. काही कार्डं दोन-चार वेळा हरल्यावर स्वतःहून १०० वर उतरतात, काही उतरत नाहीत. तुमचा दिवा लागतो-विझतो तो यामुळे.

केबल टेस्टर असेल तर तो पाहा: १, २, ३, ६ चे दिवे लागतील, ४, ५, ७, ८ चे नाही.

खिडकीदार

तात्पुरतं: डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स, कार्डाच्या प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, 'स्पीड अँड डुप्लेक्स' मध्ये १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स. लगेच चालेल.

आठतारी

तपासायला ठीक, पण तसंच ठेवू नका. एका बाजूला वेग हाताने बांधला की काही ड्रायव्हर बोलणीच बंद करतात. मग समोरच्या डब्याला वेग कळतो पण डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने) कळत नाही आणि तो हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीने, धरून चालतो. जोडणी दिसते, पिंगही जातो, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की वेग कोसळतो आणि माणूस पुन्हा कंपनीला फोन करत बसतो.

त्यापेक्षा जुना स्विच परत लावा. डब्याच्या लॅन १ पासून स्विचपर्यंत डब्यासोबत आलेली छोटी आठ तारांची केबल, स्विचपासून आत जुनी केबल. स्विच १०० च्या वर बोलतच नाही, त्यामुळे बोलणी दोन्हीकडे नीट होतात. स्पीड अँड डुप्लेक्स 'ऑटो निगोशिएशन' वरच राहू द्या.

कोयनाकाठ

दोन्ही टोकांना चारच तारा! केशरी आणि हिरवी जोडी. निळ्या आणि तपकिरी तारा बाहेरच्या आवरणापाशी कापून मागे दुमडल्या आहेत. स्विच लावला, दिवा स्थिर. आयपी १९२.१६८.१.६ मिळाला. पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही, 'डीएनएस प्रोब' ने सुरू होणारी एरर येते.

निळाकेशरी

कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड) १९२.१६८.१.१, मग पिंग ८.८.८.८ (हा गूगलचा सर्व्हर). दोन्हीकडून उत्तर आलं तर नेट डेस्कटॉपपर्यंत पोचलंय, फक्त नावाचा आकडा करून देणारा डीएनएस चुकलाय. त्या आयपीव्ही४ च्या खिडकीत वरचा आणि खालचा पर्याय वेगवेगळे असतात. वरचा ऑटोमॅटिक केला तरी खालचा डीएनएस हाताने भरलेलाच राहतो. तिथे १०.१२.०.२ अजून असेल. तो सर्व्हर जुन्या ऑपरेटरच्या जाळ्याबाहेरून दिसत नाही. खालचाही ऑटोमॅटिक करा, मग आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस.

कोयनाकाठ

दोन्ही पिंगना उत्तर आलं, डीएनएस तोच निघाला. बदलल्यावर सगळं उघडतंय! स्पीड टेस्ट ९४ दाखवते, प्लॅन २०० चा आहे. मनापासून आभार.

आठतारी

९४ बरोबर आहे. १०० च्या जोडणीत हिशेबाची माहिती वजा जाऊन तेवढंच हाती लागतं. २०० हवे असतील तर दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करा, म्हणजे नवे प्लग दाबून बसवा. तारा फक्त टोकाशी कापल्या आहेत, म्हणजे आत आठही असण्याची शक्यता चांगली आहे.

दोन आरजे४५ प्लग (चार घ्या, पहिले एक-दोन वाया जातात) आणि क्रिंपिंग टूल. जुना प्लग कापा, आवरण साधारण ३ सेंटिमीटर सोला. प्लगची कडी खाली, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे वर, डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरवी जोडी ३ आणि ६ वर विभागलेली असते ते मुद्दाम आहे, ती ३-४ वर शेजारी लावली तर टेस्टर पास म्हणेल पण गिगाबिट धड चालणार नाही. जोड्यांचा पीळ सुटलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तारा सरळ करून १३ वरच एका रेषेत कापा, म्हणजे बाहेरचं आवरणही प्लगच्या आत दाबलं जातं.

आधी केबलवरचा छाप वाचा. कॅट ५ई किंवा ६ (केबलचा दर्जा) असेल तर १८ मीटर काहीच नाही. 'सीसीए' लिहिलं असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, त्या तारा वाकवताना तुटतात. मग नवी शुद्ध तांब्याची केबल ओढणं बरं.

झाल्यावर स्विच काढून थेट लावा आणि इथरनेटच्या स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसतंय का पाहा.

कोयनाकाठ

केबलवर कॅट ५ई आहे, सीसीए नाही. क्रिंप करून घेतली. १.० जीबीपीएस, स्पीड टेस्ट २०३. एकच राहिलं, वायफाय प्रिंटर डेस्कटॉपला ऑफलाइन दिसतो. तो नव्या वायफायला जोडलेला आहे.

निळाकेशरी

प्रिंटरच्या पडद्यावर त्याचा आताचा आयपी बघा. डेस्कटॉपमधला पोर्ट जुन्याच आयपीवर बांधलेला असेल. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी, तिथे नवा आकडा भरा. आणि डब्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीखाली (आयपी वाटून देणारा भाग) तो आयपी प्रिंटरसाठी राखून ठेवा, नाहीतर डबा रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा बदलू शकतो.