‘उंदरांची चिंता’ की उंदरांचे बुजणे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी लिहिलेल्या टिपणात माझे एक वाक्य असे आहे : ‘मेंदूतील संप्रेरकाचा ग्राहक काढून टाकल्यावर उंदरांची चिंता कमी झाली.’ शेजारच्या काकूंनी ते वाचले आणि चाळीतला उंदरांचा उपद्रव मिटल्याविषयी काही लिहिले आहे, असे त्यांना वाटले. कोणते शब्द बदलावेत?

उत्तर (नेरुळ, नवी मुंबई) : काकूंचे वाचन मराठीच्या रीतीला धरूनच आहे. ‘आईची चिंता’ म्हटले की आईविषयी आपल्याला वाटणारी चिंता आधी मनात येते, कारण षष्ठीचा प्रत्यय चिंता करणाऱ्यालाही लागतो आणि जिच्याविषयी चिंता वाटते तिलाही. शिवाय ‘चिंत्’ या धातूचा अर्थच विचार करणे असा आहे, आणि उंदराच्या मनातला विचार प्रयोग करणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसते ते इतकेच : जमिनीपासून उंचावर अधिक-चिन्हाच्या आकाराचा एक मार्ग असतो, त्याच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात, आणि उंदीर उघड्या भुजांवर किती वेळ वावरतो हे मोजले जाते. नवख्या, उघड्या जागी पाऊल न टाकणाऱ्या जनावरासाठी आपल्याकडे जुने क्रियापद आहे, ‘बुजणे’. बैल बुजतो, घोडा बुजतो. तसाच उंदीरही बुजतो. हा शब्द वर्तनापुरता बोलतो, मनाविषयी अधिकचा दावा करत नाही, म्हणून मला तो ‘चिंता’पेक्षा प्रामाणिक वाटतो.

‘ग्राहक’ (इंग्रजीत ‘रिसेप्टर’) मात्र नकोच. ठाण्याच्या वाचकाला तो जांभळी नाक्याच्या बाजारात घेऊन जाईल. ‘गुणग्राही’, ‘सारग्राही’, ‘मर्मग्राही’ या शब्दांतला ‘ग्राही’ समोरच्या सगळ्यातून आपले तेवढेच उचलतो, आणि पेशीवरचा हा रेणूही आपल्याला जुळणारे संप्रेरक तेवढे धरतो. म्हणून ‘संप्रेरकग्राही’ लिहावे.

‘काढून टाकल्यावर’ हेही तपासावे. आपण सीआरएचविषयी, म्हणजे ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणाऱ्या कॉर्टिकोट्रोपिन-रिलीझिंग हार्मोनविषयी लिहीत असाल, तर 41 अमिनो आम्लांचे हे संप्रेरक अमेरिकी शास्त्रज्ञ वायली व्हेल यांच्या गटाने 1981 मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून वेगळे केले. त्याचा पहिला ग्राही ज्यांच्यात जन्मतःच तयार होत नाही, असे उंदीर 1998 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे अभ्यासले आणि ते इतरांपेक्षा कमी बुजतात असे त्यांना दिसले. तेथे ग्राही कोणी उपटून काढला नव्हता. त्याचे जनुकच निकामी केलेले होते.

प्रश्न : मग ‘हा ग्राही उंदरांना बुजरे करतो’ असे लिहू का?

उत्तर : ‘करतो’ फार झाले. त्याच संप्रेरकाच्या कुळातल्या रेणूंना धरणारा दुसरा ग्राही नसलेले उंदीर 2000 मध्ये काही चाचण्यांत उलट अधिक बुजताना आढळले. तेव्हा ‘बुजण्यावर या ग्राहीचा प्रभाव पडतो’ इथपर्यंतच जावे. ‘बुजरा’ टाळावे, तो आपण माणसाच्या लाजाळू स्वभावालाही लावतो. मनःस्थितीचा उल्लेख या वाक्यात नसला तरी चालेल, कारण या चाचणीत ती मोजलेलीच नाही.

माणसांच्या आजारासाठी ‘चिंताविकार’ हा शब्द रुळलेला आहे आणि तो तसाच राहावा. पहिल्या ग्राहीला अडवणारी औषधे चिंता आणि नैराश्य यांसाठी माणसांवर तपासली गेली, पण उंदरांवरून बांधलेली आशा तेथे फळली नाही. उंदीर आणि रुग्ण यांना एकाच शब्दात बसवले, तर वाचक ही आशा खरी ठरली असे समजून बसेल. ज्या ठाण्यात मनोरुग्णालयाच्या नावाने ‘ठाण्याला पाठवा’ असे माणसाला सर्रास हिणवले गेले, तेथे मनाच्या आजाराविषयी लिहिताना हा फरक राखणे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘मेंदूतील सीआरएच या संप्रेरकाचा पहिला ग्राही ज्यांच्यात जन्मतःच तयार होत नाही, असे उंदीर उघड्या जागी इतर उंदरांपेक्षा कमी बुजतात.’ काकूंनी ते एकदाच वाचले आणि विचारले, ‘आणि दुसऱ्या ग्राहीचे काय?’