हायनोडॉन म्हणजे तरसाचा पूर्वज का?

माझा सातवीतला भाचा सिडकोतल्या आमच्या गॅलरीत शाडूची हायनोडॉनची, म्हणजे एका नामशेष मांसाहारी प्राण्याची, कवटी करतोय. जबडा झाला, दाढांपाशी अडलाय. मी म्हटलं, तरसासारख्या कर. सिन्नरकडच्या मळ्यात मी तरस पाहिलंय. तो ऐकत नाही. कोण बरोबर?

— भाचा बरोबर आहे, ताई. नावाचा अर्थ 'तरसाचा दात', पण नातं नाही. हायनोडॉनचा गणच (प्राण्यांचा मोठा गट) वेगळा, तो पुरता नामशेष झाला. तरस, कुत्रा, वाघ यांची मांस चिरणारी कात्री म्हणजे वरची शेवटची उपदाढ (दाढांच्या लगेच पुढचा दात) आणि खालची पहिली दाढ. हायनोडॉनची मुख्य कात्री पार मागे: वरची दुसरी दाढ, खालची तिसरी. सगळ्यात मोठं पातं शेवटी बसवायला सांगा. मला तर हे फार सुंदर वाटतं, काम एकच पण दाढ वेगळी.

— पांडवलेणीच्या डोंगरात सापडेल का हा?

— नाही. तो लाव्हाचा काळा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हायनोडॉन त्यानंतर दोन कोटींहून जास्त वर्षांनी आला. त्याच्या छान कवट्या अमेरिकेत, साउथ डकोटात मिळाल्यात.

— आभार! दाढ सुरीने अलगद काढून मागे बसवली. ओल्या फडक्याखाली ठेवलीय, तडा जायला नको.